जीपीएसची अचूकता आणि डोंगराखालची अणुकेंद्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२२ जून २०२५ च्या पहाटे अमेरिकेने इराणमधल्या फोर्डो, नतान्झ आणि इस्फहान या तीन अणुकेंद्रांवर हल्ला केला. तेव्हापासून माझ्याकडे प्रश्न येतायत. माझी बरीच वर्षं जमीन सर्वेक्षणात गेली, त्यामुळे लोक जीपीएसबद्दल विचारतात आणि तिथून गाडी बॉम्बवर येते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आपण कुठे आहोत हे उपग्रहाला कसं कळतं?

उपग्रहाला काहीच कळत नाही. तो सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत सांगत असतो, "मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत." आपल्या हातातलं यंत्र नुसतं ऐकतं. संदेश निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ यांतल्या फरकावरून ते अंतर काढतं. अशी तीन अंतरं मिळाली की जागा ठरते. चौथा उपग्रह लागतो तो आपल्या यंत्रातल्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला.

सगळा खेळ वेळेचा आहे. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो, म्हणून उपग्रहात अणुघड्याळं असतात. ती पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, हा आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा परिणाम. ही दुरुस्ती केली नाही, तर दिवसभरात दहा किलोमीटरहून जास्त चूक साचेल.

२. माझ्या फोनवरचा निळा ठिपका शेजारच्या सोसायटीत जाऊन बसतो. मग बॉम्ब इतका नेमका कसा पडतो?

मोकळ्या आकाशाखाली साधा फोन पाच मीटरच्या आसपास बरोबर असतो. गल्लीत तो बिघडतो, कारण संदेश समोरच्या इमारतीवर आपटून वळसा घेऊन येतो आणि यंत्राला अंतर जास्त वाटतं. दुसरी अडचण वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराची. त्यातून येताना संदेश रेंगाळतो, आणि किती रेंगाळला हे एकाच फ्रिक्वेन्सीवरून नीट कळत नाही.

आकाशातून पडणाऱ्या बॉम्बच्या आजूबाजूला इमारती नसतात. लष्करी यंत्र दोन फ्रिक्वेन्सी ऐकतं, तेव्हा थराची चूक बरीचशी निघून जाते. शिवाय बॉम्ब एकट्या जीपीएसच्या भरवशावर नसतो. त्यात वेग आणि वळण मोजणारी जडत्वीय यंत्रणा असते, जीपीएस फक्त तिची चूक वेळोवेळी सुधारतो.

३. जमीन मोजणीला आणतात तो रोव्हर (खांबावरचं जीपीएस यंत्र) दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत सांगतो. सैन्याकडे त्याहून भारी काही असतं का?

हा प्रश्न गावाकडून जास्त येतो. भूमी अभिलेखचा भूकरमापक बांधावर रोव्हर रोवतो, तो एकटा काम करत नसतो. सर्व्हे ऑफ इंडियाने कॉर्स स्थानकांचं जाळं उभारलं आहे, महाराष्ट्रातही. या स्थानकांची जागा आधीच अगदी नेमकी मोजून ठेवलेली असते. स्थानक उपग्रहाचं ऐकून म्हणतं, "या क्षणी उपग्रह मला माझ्या जागेपासून इतकं सरकवून दाखवतायत." ती चूक रोव्हरला कळवली जाते. दोघांवर आकाश तेच, म्हणून चूकही जवळपास तीच, आणि वजाबाकी केली की ती नाहीशी होते.

शत्रूच्या प्रदेशात असं स्थानक नसतं आणि बॉम्बला खांबावर स्थिर उभं राहायला सवडही नसते. तेव्हा बांधाच्या मोजणीत तुमचा भूकरमापक बॉम्बपेक्षा कितीतरी अचूक असतो, हे मी अभिमानाने सांगतो. मात्र "जवळ असलेल्यांची चूक सारखीच असते" हे लक्षात ठेवा, प्रश्न ५ मध्ये ते लागणार आहे.

४. 'पाच मीटर अचूकता' म्हणजे बॉम्ब पाच मीटरच्या आतच पडणार ना?

नाही. हा गैरसमज बातम्यांमधून सगळ्यात जास्त पसरतो. लष्करी भाषेत हा आकडा म्हणजे एका वर्तुळाची त्रिज्या असते आणि त्या वर्तुळात निम्मे बॉम्ब पडतात. उरलेले निम्मे बाहेर. किती बाहेर, ते या आकड्यातून कळत नाही.

साध्या बॉम्बला शेपटाकडून मार्गदर्शक संच जोडून तयार होणारं जेडॅम हे अमेरिकी शस्त्र घ्या. जीपीएस नीट मिळालं तर त्याचा हा आकडा पाच मीटरच्या आसपास धरतात. जीपीएस तुटलं आणि फक्त जडत्वीय यंत्रणा उरली, तर तीस मीटरच्या आसपास. इमारत पाडायची असेल तर पाच आणि दहा मीटरमध्ये विशेष फरक पडत नाही. डोंगरातल्या एका झरोक्यावर नेम धरायचा असेल, तर हाच फरक सगळं ठरवतो.

५. फोर्डोवर एकाच भोकात एकामागून एक बॉम्ब गेले म्हणतात. हे खरंच होऊ शकतं?

आधी अमेरिकी सेनादलांचे प्रमुख जनरल डॅन केन यांनी २६ जून २०२५ रोजी काय सांगितलं ते पाहू. हल्ला करणाऱ्याच बाजूचं हे कथन आहे, हे ध्यानात ठेवून वाचावं.

मिसुरीतल्या व्हाइटमन तळावरून सात बी-२ विमानं निघाली आणि सुमारे १८ तास उडून इराणवर पोहोचली. त्यांनी जमिनीत खोल घुसणारे जीबीयू-५७ जातीचे १४ बॉम्ब टाकले, त्यातले १२ फोर्डोवर आणि २ नतान्झवर. फोर्डोच्या डोंगरात हवा खेळवणाऱ्या झरोक्यांच्या दोन जागा निवडल्या होत्या, प्रत्येकीवर सहा बॉम्ब. इराणने हल्ल्याआधी झरोक्यांवर काँक्रीटची झाकणं घातली होती. पहिल्या बॉम्बने झाकण उडवायचं, पुढच्या चौघांनी मुख्य झरोक्यातून सेकंदाला ३०० मीटरहून अधिक वेगाने आत उतरायचं, आणि आधीचा एखादा चुकला तर भरपाईला सहावा, अशी योजना होती. सगळे ठरल्या जागी लागले, असं केन म्हणाले.

आता तंत्राच्या बाजूने. प्रश्न ४ मधलं गणित एकेका बॉम्बला वेगवेगळं लावलं, तर असा नेम दैवावर सोडल्यासारखा वाटेल. पण एकाच ठिकाणी थोड्या वेळात पडणाऱ्या बॉम्बवर आकाश तेच असतं, त्यामुळे उपग्रहांच्या चुकीचा मोठा भाग सगळ्यांना सारखा लागतो. रोव्हर आणि कॉर्स स्थानकाचं जे नातं, तेच पहिल्या आणि दुसऱ्या बॉम्बचं. पृथ्वीवरच्या खऱ्या जागेपासून ते थोडे सरकलेले असतील, पण एकमेकांपासून फार लांब जात नाहीत.

याची उलट बाजू कुणी फारशी बोलत नाही. चूक सगळ्यांची सारखी असेल, तर पहिला ज्या बाजूला चुकेल त्याच बाजूला बाकीचेही चुकतील. बाराही बॉम्ब अत्यंत शिस्तीत चुकीच्या जागी पडू शकतात. म्हणून लक्ष्याचे अक्षांश-रेखांश आधी किती काळजीने काढले आहेत, यावर सगळं येऊन थांबतं. केन यांनीच सांगितलं की अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका संस्थेतले दोन अधिकारी २००९ पासून याच एका जागेचा अभ्यास करत होते. झरोके, उत्खनन, बाहेर पडलेला मुरूम, यंत्रं, सगळ्याचा. रात्रीची कामगिरी पंधरा वर्षांच्या मोजणीवर उभी होती.

६. हा बॉम्ब साठ मीटर आत जातो म्हणतात आणि फोर्डो ऐंशी-नव्वद मीटर खोल आहे. हिशेब जमत नाही.

म्हणूनच तर झरोका निवडला. सलग खडकातून जायचं असतं तर हिशेब जमलाच नसता.

बॉम्ब किती आत जाईल हे त्यातल्या स्फोटकांवर ठरत नाही. जीबीयू-५७ चं वजन सुमारे १३,६०० किलो, लांबी सव्वासहा मीटरच्या आसपास, जाडी ऐंशी सेंटिमीटर. एवढ्या वजनात स्फोटकं जेमतेम २,४०० किलो, बाकी सगळं पोलादी कवच. ऐंशी सेंटिमीटरच्या वर्तुळावर साडेतेरा टन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २७ टन. पहार जशी जड आणि अणकुचीदार असल्याने मुरमात घुसते, तसंच हे. साठ मीटरचा आकडा अमेरिकी हवाईदलाने दिला, पण कशात साठ मीटर हे सांगितलं नाही. मऊ माती, भेगाळलेला खडक आणि पोलादी सळयांचं कठीण काँक्रीट यांत हा आकडा कितीतरी बदलतो. तिरका आपटला तर आणखी कमी होतो.

इस्फहानच्या खोल बोगद्यांवर हे बॉम्ब टाकलेच नाहीत. तिथे पाणबुडीतून सोडलेली टोमाहॉक क्षेपणास्त्रं वापरली. अचूकता असली तरी खोलीपुढे तिचं काही चालत नाही, हे यावरून उघड आहे.

७. इराणने जीपीएस जॅम करून टाकलं असतं तर?

जीपीएसचा संदेश जमिनीवर पोहोचतो तेव्हा इतका क्षीण असतो, की तो पकडणं म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलताशाशेजारी उभं राहून कुणाची कुजबुज ऐकणं. त्यामुळे गोंगाट करून तो बुडवणं अवघड नाही. त्याच जून महिन्यात आखातात जहाजांच्या जीपीएसमध्ये मोठ्या प्रमाणावर अडथळे येत होते, काही जहाजं नकाशावर थेट जमिनीवर दिसत होती. त्या पाण्यावर आपल्या रत्नागिरी-रायगडचे कितीतरी खलाशी आणि अधिकारी काम करतात. "घरचा माणूस होर्मुझमध्ये आहे, जहाज इराणच्या वाळवंटात दिसतंय, काय समजायचं?" असा प्रश्न मला दोघा-तिघांनी विचारला. जहाजाच्या मास्तराकडे रडार असतं, किनाऱ्याच्या खुणा असतात आणि जुन्या पद्धतीची गणितं असतात. नकाशावरचा तो ठिपका खोटा होता, जहाज पाण्यातच होतं.

संदेश बुडवणं वेगळं आणि खोटा संदेश देऊन फसवणं वेगळं. नागरी संदेश उघडा असल्याने त्याची नक्कल करता येते. लष्करी संदेश गुप्त संकेतात असतो, त्याची नक्कल करणं फार कठीण. गोंगाट ज्या दिशेने येतो तिकडे कान बंद करणारे अँटेनाही असतात.

तरीही जीपीएस गेलंच तर? दहा-बारा किलोमीटर उंचीवरून सुटलेला बॉम्ब मिनिटभरात जमिनीवर येतो. जडत्वीय यंत्रणेची चूक वेळेबरोबर वाढते आणि मिनिटभरात ती फार वाढत नाही. तासन्‌तास उडणाऱ्या क्षेपणास्त्राचं तसं नसतं. म्हणून टोमाहॉक खालच्या डोंगरदऱ्यांचे चढउतार मोजून स्वतःकडच्या नकाशाशी पडताळत जातं.

८. अक्षांश-रेखांश तर फोनवरच्या नकाशावरूनही मिळतात. तेच वापरले तर?

फोनवरच्या नकाशातलं उपग्रहचित्र खऱ्या जमिनीपासून काही मीटर सरकलेलं असू शकतं. आपल्या शेताची हद्द त्यावर टाकून पाहिलेल्या कुणालाही हे माहीत आहे. शिवाय अक्षांश-रेखांश कुठल्या मापनपद्धतीतले, हा प्रश्न असतोच. भारताच्या जुन्या नकाशांची मापनपद्धती वेगळी, जीपीएसची वेगळी. एकीचे आकडे दुसरीत तसेच घातले तर जागा शेकडो मीटर सरकते.

उंचीचा घोळ आणखी मोठा. जीपीएस समुद्रसपाटीपासून उंची मोजत नाही, पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून मोजतो. मुंबईच्या चौपाटीवर उभं राहून कच्ची उंची पाहिली तर ती उणे साठ मीटरच्या पुढे येते, माणूस कोरडा असला तरी. बॉम्ब तिरका येत असेल तर उंचीतली चूक जमिनीवर आडव्या चुकीत बदलते. सरळ वरून येत असेल तर नाही. झरोक्यावर उभा नेम धरण्यात हाही फायदा असतो.

९. सगळं तंत्र बरोबर चालूनही चूक झाल्याचं उदाहरण आहे का?

आहेत. हे उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

७ मे १९९९. बेलग्रेडवर नाटोचे हल्ले चालू असताना एका बी-२ विमानाने पाच जीपीएस-नियंत्रित बॉम्ब टाकले. ते दिलेल्या अक्षांश-रेखांशावर पडले, पण तिथे चीनचा दूतावास होता. तीन चिनी पत्रकार मेले. खरं लक्ष्य, युगोस्लाव्हियाचं शस्त्रपुरवठा कार्यालय, काहीशे मीटरवर होतं. सीआयएचे प्रमुख जॉर्ज टेनेट यांनी नंतर अमेरिकी संसदेत सांगितलं की शेजारच्या समांतर रस्त्यांवरच्या घर क्रमांकांवरून अंदाज बांधून त्या कार्यालयाची जागा काढली होती आणि दूतावास नव्या जागी गेल्याची नोंद पडताळणीच्या याद्यांत नव्हती. चीनला हे स्पष्टीकरण पटलेलं नाही. सर्वेक्षण करणाऱ्या माणसाच्या अंगावर हे वाचून काटा येतो. घर क्रमांकांवरून पत्ता पोस्टमननेही असा गृहीत धरला नसता.

५ डिसेंबर २००१, अफगाणिस्तान. अमेरिकी तुकडीतल्या एकाने लक्ष्याची जागा काढण्याच्या यंत्रातली बॅटरी बदलली. नव्या बॅटरीवर सुरू झालेलं यंत्र स्वतःचीच जागा दाखवत होतं. तेच आकडे विमानाला कळवले गेले आणि जवळपास हजार किलोचा बॉम्ब त्यांच्याच ठाण्यावर आला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे अनेक अफगाण मेले. पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई जखमी झाले.

दोन्ही वेळा उपग्रह बरोबर होते, घड्याळं बरोबर होती, बॉम्बही सांगितलेल्या जागी गेला.

१०. १९८१ मध्ये इस्रायलने जीपीएस नसताना इराकची अणुभट्टी उडवली होती. मग आताच एवढी अचूकता का लागते?

कारण ती भट्टी जमिनीवर होती. ७ जून १९८१ रोजी आठ एफ-१६ विमानांनी बगदादजवळच्या ओसिराकवर प्रत्येकी दोन साधे बॉम्ब टाकले. घुमट डोळ्यांना दिसत होता. त्यातून इतरांनी धडा घेतला. इराकने पुढचं काम लपवून केलं. इराणने नतान्झची यंत्रं जमिनीखाली नेली आणि कुमजवळचं फोर्डो तर डोंगरातच खोदलं. त्या जागेची माहिती २००९ च्या सप्टेंबरात ओबामा, सार्कोझी आणि ब्राउन यांनी एकत्र उभं राहून जगाला दिली. नेम जसा सुधारला तशी लक्ष्यं खाली गेली.

११. मग फोर्डो संपलं की नाही? नेमकं उत्तर द्या.

हा प्रश्न रागावूनही विचारला जातो. "पूर्ण नष्ट" असं ट्रम्प यांनी त्याच रात्री जाहीर केलं. अमेरिकेच्याच लष्करी गुप्तचर खात्याचा सुरुवातीचा, फुटलेला अहवाल म्हणत होता की कार्यक्रम काही महिनेच मागे गेला. सीआयएने मोठं नुकसान झाल्याचं सांगितलं, पेंटॅगॉनने पुढे एक-दोन वर्षांचा अंदाज दिला. एकाच हल्ल्याबद्दल एकाच देशाची ही इतकी उत्तरं आहेत.

कारण वरून दिसतात ती फक्त भोकं. सेंट्रीफ्यूज, म्हणजे युरेनियममधला अणुइंधनाला आणि अण्वस्त्राला लागणारा भाग वाढवणारी (ते 'समृद्ध' करणारी) यंत्रं, प्रचंड वेगाने फिरतात आणि धक्का किंवा अचानक वीज जाणं त्यांना सोसत नाही. त्यामुळे आत जबर हानी झाली असणार, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख राफाएल ग्रोसी यांचं म्हणणं होतं. पण यंत्रांपेक्षा माल महत्त्वाचा. संस्थेच्या अंदाजानुसार हल्ल्यांच्या वेळी इराणकडे साठ टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेलं सुमारे ४४० किलो युरेनियम होतं. संस्थेच्या मोजपट्टीने, आणखी समृद्ध केल्यास असं ४२ किलोच्या आसपास एका अण्वस्त्राला पुरू शकतं. हा साठा पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांच्या पाठीवरच्या हवेच्या टाक्यांएवढ्या नळकांड्यांत मावतो आणि गाडीतून नेता येतो. हल्ल्याच्या तीन दिवस आधीच्या उपग्रहचित्रात फोर्डोच्या रस्त्यावर मालमोटारींची रांग दिसली होती. त्यांत काय होतं, हे चित्रातून दिसत नाही.

त्या नळकांड्यांचे अक्षांश-रेखांश कुठलाही जीपीएस देणार नाही. ते देऊ शकतो आत जाऊन मोजणारा, सील तपासणारा निरीक्षक. आणि जुलै २०२५ च्या सुरुवातीला इराणने संस्थेशी सहकार्य थांबवलं, निरीक्षक देश सोडून गेले. इतक्या नेमक्या हल्ल्यानंतर मोजणाराच जागेवर राहिला नाही, याची मला मनापासून चिंता वाटते. हल्ल्याआधी त्या साठ्याचा हिशेब किलोच्या अपूर्णांकापर्यंत ठेवला जात होता.

१२. अणुकेंद्रावर बॉम्ब पडूनही किरणोत्सर्ग कसा पसरला नाही?

समृद्धीकरण केंद्र म्हणजे अणुभट्टी नव्हे. तिथे साखळी प्रक्रिया चालत नाही, त्यामुळे भट्टीत साठणारे तीव्र किरणोत्सारी पदार्थ तिथे नसतात. मुख्य धोका रासायनिक असतो. युरेनियम हेक्झाफ्लोराइड दमट हवेत मिसळलं की हायड्रोजन फ्लोराइड हा घातक वायू तयार होतो, पण तो धोका जवळच्यांना. केंद्रांबाहेर किरणोत्सर्गाची पातळी वाढल्याचं आढळलं नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने कळवलं.

हाच न्याय आखाताच्या किनाऱ्यावरच्या बुशेहर अणुवीज केंद्राला लावू नका. ती चालती भट्टी आहे, तिथली गोष्ट पूर्ण वेगळी झाली असती.

१३. अमेरिका मनात आणेल तेव्हा आपलं जीपीएस बंद करू शकते का? कारगिलच्या वेळी केलं होतं म्हणतात.

कारगिलच्या वेळी, म्हणजे १९९९ मध्ये, नागरी संदेश साऱ्या जगासाठीच मुद्दाम बिघडवलेला होता आणि चूक शंभर मीटरपर्यंत जायची. हा बिघाड मे २००० मध्ये काढून टाकला. पण परक्याच्या यंत्रणेवर युद्धात विसंबू नये हे आपण ओळखलं, आणि इस्रोची 'नाविक' ही आपली स्वतःची उपग्रह दिशादर्शन यंत्रणा उभी राहिली. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. पुढे आयात केलेली अणुघड्याळं बंद पडत गेली आणि फार त्रास झाला. मे २०२३ च्या एनव्हीएस-०१ मध्ये आपलं स्वतःचं रुबिडियम घड्याळ बसवलं, त्याचा मला फार आनंद झाला. जानेवारी २०२५ मध्ये गेलेला त्यापुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. घड्याळाचं महत्त्व का, ते प्रश्न १ मध्ये आहे.

१४. तारापूर किंवा तुर्भ्यावर कुणी असा हल्ला केला तर? काही कायदा आहे का?

जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पूरक करारात अणुवीज केंद्रांना विशेष संरक्षण आहे, त्यालाही अपवाद आहेत. समृद्धीकरण केंद्रांचा त्या कलमात उल्लेखच नाही.

आपल्यासाठी जवळचा आहे तो भारत-पाकिस्तान करार. राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात, ३१ डिसेंबर १९८८ रोजी तो झाला. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असं त्यात ठरलं. वीजभट्ट्या, संशोधनभट्ट्या, इंधननिर्मिती, समृद्धीकरण, पुनर्प्रक्रिया, सगळं त्यात येतं. दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. यादी जाहीर होत नाही, पण तीत काय द्यायचं हे करारातच लिहिलेलं आहे: प्रत्येक केंद्राचे अक्षांश आणि रेखांश. १९९२ पासून ही यादी दरवर्षी जात आली आहे. कारगिलनंतरच्या जानेवारीतही गेली होती.